मास्तरांचा अर्धा हात

बातमी आणली ती आमच्या दूधवाल्यानं. रोज दाराशी येऊन भांडं बडवणारा हा गडी त्या सकाळी नुसताच उभा राहिला होता. मी बाहेर येऊन म्हटलं, "क्यों भाई, आज दूध नहीं लाए?" तर खाली बघत म्हणाला, "मुर्री से आ रहा हूँ, साहब. मोतीराम मास्टरजी नहीं रहे." मी उगाचच विचारलं, "कौन मोतीराम?" जसे काही माझ्या ओळखीचे दहा मोतीराम मास्तर शेजारच्या मुर्री गावात राहत होते! मनाला त्या क्षणी दुसरा कोणीतरी मोतीराम हवा होता, इतकंच. दूधवाल्यालाही ते कळलं असावं. दूध ओतून तो निघून गेला.

त्याच्या आदल्याच आठवड्यात मी त्यांना भेटून आलो होतो. मास्तर सपरीत, म्हणजे तिकडच्या ओसरीत, खाटेवर घोंगडी पांघरून पडले होते. अंगात ताप होता. बाहेर पावसाची झड लागलेली आणि धानाची रोवणी ऐन भरात. दोन-तीन दिवसांत उठतो म्हणाले, म्हणून मीही फार चिंता केली नाही. उलट नेहमीप्रमाणे त्यांना डिवचलं. म्हटलं, "मास्तर, इंग्रज निघाले म्हणतात. आता तुमच्या शॅल आणि विलला कोण विचारतो?" तापातला माणूस, पण उशीवरून अर्धा उठून बसला. "आधी हे सांगा केशवराव, ते जाणार हे इंग्रजीत कसं म्हणाल? दे विल गो का दे शॅल गो?" मी हात जोडले. मी गणिताचा मास्तर, मला ह्यात ओढू नका म्हटलं. मास्तर म्हणाले, "बेचाळीस साली आपण म्हणत होतो ते शॅल. ते जातील, कारण आम्ही घालवू! मर्जी आपली. आता नुसती बातमी उरली. जाऊन राहिले बिचारे. आता विल पुरे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की खोकल्याची उबळ आली... मला मिळालेला त्यांचा तो शेवटचा धडा. पुढं महिनाभरातच शाळेवर झेंडा चढला, पेढे वाटले गेले, आणि मी मात्र सारा वेळ जुन्या मास्तरांच्या रांगेत माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होतो.

मी वर्ध्याकडचा. तरुणपणी गोंदियाच्या शाळेत नोकरी धरली तेव्हा ह्या गावाची मला धास्तीच वाटली होती. बाजारात सगळीकडे हिंदी, वखारीत हिंदी, स्टेशनवर हिंदी. मराठी ऐकावी तर आठवडी बाजारात आलेल्या खेडुतांची, आणि ती मला निम्मी कळायची नाही. कोणी "काऊन जी?" म्हटलं की हा माणूस माझ्यावर रागावलाय असं मी समजत असे. 'काऊन' म्हणजे 'का' आणि 'जी' म्हणजे आदर, हे मला मोतीराम मास्तरांनीच पहिल्या आठवड्यात समजावलं. ते मुर्रीचे, शेतकऱ्याच्या घरातले. इंग्रजी शिकवायचे. रोज मुर्रीहून पायी यायचे, डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री, आणि वहाणा पावसाळ्यात हातात. चिखलानं वहाणा खराब होतात, पाय धुता येतात, असा त्यांचा हिशेब होता. गणिताचा मास्तर असूनही मला तो खोडता आला नाही.

त्यांचा जीव सगळ्या इंग्रजी भाषेत होता असं मी म्हणणार नाही. कविता ते उरकून टाकत. पण शॅल आणि विल हे दोन शब्द आले की मास्तर खुर्चीतून उठत आणि मग घंटा झाली तरी बसत नसत. भिंतीपलीकडच्या माझ्या वर्गात सारं ऐकू यायचं, त्यामुळं ते दोन शब्द मलाही जन्माचे पाठ झाले आहेत. दोन्ही पुढं घडायच्या गोष्टी सांगतात. पण मी-आम्हीच्या मागून शॅल आला, तर ते साधं घडणं. मी उद्या जाईन, आय शॅल गो, बस. तिथंच विल आला की आत माणसाचा निश्चय शिरला: जाईनच. आणि कर्ता तू किंवा तो झाला की दोघांची अदलाबदल! 'ही विल गो' म्हणजे नुसतं तो जाईल; आणि 'ही शॅल गो' म्हणजे बोलणारा त्याला पाठवणार, मग त्याची मर्जी असो-नसो. तो हुकूम असेल, धमकी असेल किंवा वचनही असेल. प्रश्न विचारताना पुन्हा निराळं. शॅल आय म्हणजे मी करू का, तुमची आज्ञा काय. विल यू म्हणजे तुम्ही कराल का, तुमची इच्छा काय. पोरं गोंधळून जात. मग मास्तर म्हणत, "घाबरू नका रे. आपल्याकडे एवढ्या कामासाठी एक 'च' ठेवलाय. येईन आणि येईनच. त्या 'च'मध्ये जे आहे ते कोणाच्या पोटातून आलं, एवढं फक्त विचारा." आणि ते खरोखर विचारत. काल घरात कोण काय बोललं ते प्रत्येकानं सांगायचं आणि इंग्रजीत नेताना शब्द निवडायचा. एक जण म्हणाला, बाप म्हणाला तू म्हशी घेऊन जाशील. मास्तर म्हणाले, "बापाचं बोलणं डोळे मिटून शॅलमध्ये टाक." वर्ग हसला. भिंतीपलीकडे माझाही वर्ग हसला, आणि माझी त्रैराशिकं बोंबलली.

मी त्यांना म्हणत असे, "मास्तर, दोन शब्दांसाठी एवढा आटापिटा? साहेबसुद्धा बोलताना इतका विचार करत नसेल." ते म्हणायचे, "साहेबाला गरज नाही जी. त्याचं कोणी ऐकतंच. ज्याचं ऐकत नाहीत त्यानं विचार करायचा."

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. थोरले बंधू सुकाजी शेती बघत आणि घरात त्यांचाच शब्द चाले. सुकाजींची बायको लवकर गेली. मागं एक मुलगी, यमुना. ती मास्तरांच्या आणि त्यांच्या बायकोच्या अंगाखांद्यावर वाढली. मुर्रीतली मराठी चौथी झाल्यावर तिला इंग्रजी शाळेत घालायचं असं मास्तरांच्या मनात आलं. आमच्या शाळेत तेव्हा एकही मुलगी नव्हती. हेडमास्तरांनी कुरकुरत परवानगी दिली, पण अट घातली: वर्ग सुरू झाल्यावर गैरहजेरी चालणार नाही, एकदा नाव कमी झालं की परत लागणार नाही. आणि आमचे वर्ग सुरू होत ते नेमके रोवणीच्या तोंडावर.

इथं रोवणीची रीत सांगायला हवी, कारण पश्चिमेकडच्या वाचकांना ती माहीत नसेल. आधी एका वाफ्यात धानाची रोपं वाढवतात, त्यांना पऱ्हे म्हणतात. ते उपटून, पेंढ्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भोवती धुरे (मातीचे बांध) घातलेल्या शेताच्या तुकड्यात, एकेक रोवायचे. उपटणं, पेंढ्या फेकणं पुरुषांचं, रोवणं बायकांचं. सगळ्यांची घाई एकाच वेळी, म्हणून मुर्रीत घरं एकमेकांना हात देत. आज ह्या घरच्या बांधीत सगळ्यांनी रोवायचं, उद्या त्या. ज्या घरून जितके हात गेले तितकेच त्या घरी परत येणार. मजुरीची बाई पाठवलेली चालत नसे, हात घरचाच हवा. सुकाजींच्या घरून आजवर दोन हात जात: मास्तरांची बायको आणि दोघा भावांची म्हातारी आई. त्या वर्षी आईचं कंबरडं मोडलं. उरली यमुना. ती आता पाळीत, म्हणजे रोवणाऱ्या बायांच्या रांगेत, उभी राहण्याच्या वयाची झालीच होती.

मी त्या दिवशी मुर्रीत होतो म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं. सुकाजी तंबाखू मळत म्हणाले, "रोवना लागला का पोरगी बांधीत जाईल. शाळा नंतर पाहू." मास्तर म्हणाले, "दादा, नंतर शाळा राहणार नाही. नाव कापतील." "त कापू दे. आपल्या घरून हात गेला नाही त आपल्या बांधीत कोन येईल? धान काय तुह्या इंग्रजीनं रोवल्या जाते?" सुकाजी दुष्ट नव्हते. त्यांचं बोलणं खरंच होतं. एक हात कमी गेला तर एका हाताची बांधी पडीक राहिली असती, आणि घर त्या धानावर होतं. मास्तरांनी दाराकडे बघितलं. यमुना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. डोळे भरलेले, पण रडत नव्हती. मास्तरांनी तिला विचारलं, "तुले काय वाटते, यमू?" ती एवढंच म्हणाली, "मी शाळंत जाईनच, काका." मग मास्तर भावाला म्हणाले, "हात गेला म्हणजे झालं ना? हात जाईल. पोरीचं नाव शाळेत राहू दे." सुकाजींना वाटलं, हा कोणा मावशीला-आत्याला आणून बसवणार. ते म्हणाले, "हात पुरा गेला त मी एका शब्दानं बोलनार नाही."

रोवणीच्या पहिल्या दिवशी मास्तर स्वतःच बांधीत उतरले.

हा प्रसंग मी पाहिलेला नाही, पण मास्तरांच्या बायकोकडून, मग मास्तरांकडून, आणि पुढं ज्या बाईनं तो घडवला त्या गेंदाबाईकडून इतक्या वेळा ऐकला आहे की पाहिल्यासारखाच आहे. गेंदाबाई ही मुर्रीतल्या रोवणाऱ्या बायांची पुढारीण. कोणाची बांधी कधी, कोणाचे हात किती फिटले, हे सारं तिच्या डोक्यात. धोतर मांड्यांपर्यंत खोचून, टोपी डोक्यावर तशीच ठेवून मास्तर बायांच्या पाळीत शेवटी जाऊन उभे राहिले. गेंदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, तुमी कायले उतरले जी? पेंढ्या तिकडून फेका."

"पेंढ्या फेकाले नाही आलो बाई. यमुनेच्या जागी आलो. तिचा हात मी देतो."

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एकीनं तर म्हटलं, "मग लुगडं नेसून या नं जी!" मास्तरही हसले, पण हलले नाहीत. गेंदाबाईपुढं पेच पडला. मरदाचा हात रोवण्यात धरायचा कसा? असं कधी झालंच नव्हतं. तिनं त्यांना ओळभर रोवायला लावलं. मास्तरांनी जीव लावून रोवलं, पण पऱ्हे इतके खोल खुपसले की निम्मे चिखलात गडप झाले. गेंदाबाईनं ते बघितलं आणि निकाल दिला: "मरदाचा हात अर्धा धरू."

मास्तरांची चूक झाली होती ती इथं. एका माणसाचा एक हात, असा त्यांचा शहाणा हिशेब होता. आता यमुनेचा एक हात पुरा करायचा तर त्यांना सगळ्यांच्या दुप्पट रोवावं लागणार होतं. मागं फिरायची सोय नव्हती, कारण सुकाजी म्हणाले होते हात *पुरा* गेला तर. मग मास्तरांनी काय करावं? उजाडल्यापासून शाळेच्या वेळेपर्यंत बांधीत. तिथून धावत घरी, दोन तांबे अंगावर, आणि गोंदियाची वाट. यमुना आधीच पुढं निघालेली असायची. संध्याकाळी परत आले की पुन्हा बांधीत. रविवार अख्खा तिथंच. बाकीच्या घरांची देवाणघेवाण संपली, तरी मास्तर आपला उरलेला अर्धा फेडत गावाच्या टोकापर्यंत ह्याच्या-त्याच्या बांधीत वाकलेले असत. पहिल्या तासाला उशीर ठरलेलाच. मी हेडमास्तरांना काहीबाही सांगून तो तास माझ्या वर्गात ओढून घ्यायचो. मास्तर धापा टाकत आले की दोन्ही वर्गांना एकदमच कळायचं, कारण त्यांच्या पायांना तेलाचा वास येत असे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, त्यावर हळद आणि तेल. त्या पायांवर उभं राहून हा माणूस शॅल आणि विलचा फरक समजावत असे. मी म्हटलं, "अहो, बसून तरी शिकवा." तर म्हणाले, "बसलो तर झोप लागेल."

गोंदियाच्या बाजारात ह्याची चर्चा व्हायची ती झालीच. एका धान-गिरणीवाल्या शेठजींनी भर दुकानात विचारलं, "क्यों मास्टरजी, सुना औरतों की कतार में खड़े रहते हो?" मास्तर म्हणाले, "हाँ सेठजी. अभी आधे में पास हुआ हूँ." घरी सुकाजी मात्र तोंड लपवून फिरत. भाऊ बायांच्या पाळीत उभा राहतो ह्याची त्यांना लाज वाटे. त्या पावसाळ्यात दोघा भावांचं बोलणं जवळजवळ बंद होतं. पण सुकाजींनी शब्द मोडला नाही. रोवणी संपल्यावर गेंदाबाई सपरीपर्यंत येऊन सांगून गेली, हात फिटला. आणि यमुनेच्या शाळेबद्दल घरात कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच... यमुना वर चढत गेली. मागच्या बाकावर एकटी बसणारी ती मुलगी मला बीजगणितात चुका दाखवायला लागली, तेव्हा मी मास्तरांना म्हटलं, "हिला आवरा, माझी नोकरी जाईल." मास्तर नुसते फुलून आले. ती मॅट्रिकच्या वर्गात गेली त्या पावसाळ्यात गेंदाबाईनं बांधीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, "औंदापासून मास्तरचा हात पुरा धरा व. आता बुडवत नाही पऱ्हे." ही बातमी मला सांगायला मास्तर रविवारी, भर पावसात, मुर्रीहून गोंदियाला आले होते. पुढं यमुना मॅट्रिक झाल्याचं सांगायलाही ते इतक्या घाईनं आले नाहीत, हे मी त्यांना बोलून दाखवलं.

यमुना नागपूरला शिकली. आता भंडाऱ्याला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ती घरातून गेल्यावर मास्तरांनी रोवणी सोडली असेल असं कोणाला वाटेल. पण मुर्रीच्या हिशेबात ते घर दोन हातांचंच होतं, आणि तो दुसरा हात आता मास्तरांचाच झाला होता. पेन्शनीत निघाल्यावर तर त्यांना मोकळं रानच मिळालं. ह्या वर्षीही ते पाळीत उभे होते. घरची शेवटची बांधी अर्धी झाली, अंगात कणकण वाटली म्हणून वर आले, हातपाय धुतले आणि खाटेवर पडले. त्या खाटेवरून ते उठले नाहीत.

तेरवीला मी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी सुकाजी म्हणाले, "चला जी, बांधीकडे जाऊन येऊ." आम्ही दोघे म्हातारे धुऱ्यावर जाऊन बसलो. आधी घरात आजारपण आणि मग दुखवटा म्हणून मास्तरांची अर्धी राहिलेली बांधी तशीच पडली होती, पऱ्हे पार जून होत आले होते, आणि आज बाया ती पुरी करायला आल्या होत्या. आमच्यामागून यमुना आली. शहरी पातळ, चष्मा. कोणाला काही न विचारता तिनं पातळ खोचलं आणि पाळीच्या शेवटी, काका उभे राहायचे तिथं, जाऊन उभी राहिली. एका बाईनं तिच्या हातात पेंढी दिली.

तिला रोवता येईना. बोटं कशी धरायची तेच तिला ठाऊक नव्हतं. ती पऱ्हा लावी आणि हात काढला की तो पाण्यावर तरंगून वर येई. रोवणाऱ्या उलट पावली चालतात; पाळ तशी मागं सरकत गेली आणि यमुना तिथंच राहिली, तरंगणारे पऱ्हे गोळा करत. मग ती त्या चिखलात उभी राहून रडायला लागली. काका गेल्यापासून ती अशी रडली नव्हती असं सुकाजी म्हणाले.

गेंदाबाई आता फार थकली आहे. ती पाळ सोडून हळूहळू तिच्यापर्यंत गेली. "कायले रडून राहिली व बाई?"

यमुना म्हणाली, "काकांनी मला सगळं शिकवलं गेंदामाय. हेच शिकवलं नाही."

"हे कसा शिकवेल तो?" गेंदाबाई म्हणाली. "हे शिकवलं असतं त तू अथीच, या बांधीतच राहिली असती."

माझ्या शेजारी सुकाजींनी पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले. "माह्या पोरीचा हात तो देत गेला जी," ते म्हणाले, "अन् मी लाजत गेलो."

खाली गेंदाबाईनं यमुनेचं मनगट धरलं होतं. अंगठा असा, दोन बोटं अशी, मुळाशी धरायचं, आणि हात काढताना चिखल थोडा दाबायचा... यमुना चष्मा कपाळावर सारून, शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत ऐकत होती. बांधी पुरी व्हायला दुपार टळली. यमुनेनं लावलेली ओळ शेवटपर्यंत वाकडीतिकडीच राहिली. रोवणाऱ्या बायांना अशी ओळ खपत नाही, त्या उपटून पुन्हा लावतात. ती मात्र त्यांनी तशीच राहू दिली.

परवा मुर्रीकडे गेलो होतो. धान गुडघ्यापर्यंत आला आहे, हिरवागार. धुऱ्यावर उभं राहिलं की ती ओळ अजून वेगळी ओळखू येते.